बुलेट, बाबा आणि हर्णैचं खारं वारं

वीकेंडला बाइक घेऊन कोकणात निघालात? जरूर जा! पण समुद्र फोटोत दिसतो तितका गोड नसतो. निदान गाडीच्या चकचकीत ॲल्युमिनियमला तरी नाहीच. मला हे कळलं ते हर्णैच्या दोन ट्रिपमध्ये. एक चुकलेली, एक सुधारलेली...

आमच्या घरात बाबांची बुलेट माझ्यापेक्षा मोठी आहे. १९८६ची, काळी, साडेतीनशे सीसीची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. अँमीटरचा काटा मध्यावर आणून किक मारायची, नाहीतर गाडी उलटी लाथ मारते. आमच्या सोसायटीतली मुलं तिला 'आजोबा' म्हणतात. पण या आजोबांचं इंजिन बघायला लोक थांबायचे. कारण एकच, चमक. उजवीकडचं टायमिंग कव्हर, डावीकडचं चेनकेस, गिअरबॉक्सचं झाकण, सगळं पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम. लहानपणी मी त्यात तोंड वेडंवाकडं करून बघायचे. नाक केवढं मोठं दिसायचं!

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. दर रविवारी सकाळी पेपर वाचून झाला की फडका घेऊन खाली उतरायचे. मग गुडघ्यांनी किकला नकार दिला आणि गाडी माझ्याकडे आली. किल्ली हातात ठेवताना ते एवढंच म्हणाले, "चालव खुशाल. फक्त वाळूवर नेऊ नकोस."

तुम्ही ओळखलंच असेल, मी काय केलं असेल ते.

वाळूवरचा तो फोटो

ऑफिसमधले आम्ही पाच जण. शुक्रवारी रात्री ठरलं आणि शनिवारी पहाटे निघालो. ताम्हिणी उतरून माणगाव, पुढे महाड, खेड आणि दापोली. पुण्यापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. दापोलीनंतर रस्ता अरुंद होतो, सुपारीच्या बागा लागतात आणि एका वळणावर अचानक समुद्र दिसतो. हेल्मेटच्या आत मी किंचाळले होते, खरं सांगते.

हर्णै म्हणजे बंदर. संध्याकाळी इथला माशांचा लिलाव एकदा तरी बघावा. होड्या जरा आत थांबतात आणि बैलगाड्या चक्क पाण्यात शिरून मासळीच्या टोपल्या किनाऱ्यावर आणतात. आरडाओरडा, बर्फ, सुरमई, कोळंबीचे ढीग. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी हा एक. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे ठाणं. समुद्रातून सरळ वर आलेली ती तटबंदी संध्याकाळच्या उन्हात बघताना आपण एक्सेल शीटवर आयुष्य काढतो, याचं फार वाईट वाटतं!

दुसऱ्या दिवशी कर्देच्या किनाऱ्यावर गेलो. ओहोटीची वेळ, वाळू डांबरासारखी घट्ट. सगळ्यांनी गाड्या खाली घातल्या. मीही घातली. पाण्याच्या कडेने बुलेट, मागे उडणारे तुषार, क्लिक! फोटो असा आला की तीन महिने माझा डीपी तोच होता.

परतताना हायवेवर एका वॉशिंग सेंटरला गाडी धुतली. इंजिन तापलेलंच होतं. पोऱ्याने बाटलीतून कसलंसं लिक्विड फवारलं, पांढरा फेस आला, वरून पाण्याचा जोरदार फवारा. गाडी स्वच्छ दिसत होती. घरी आले, प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आणि सोमवारपासून ऑफिसच्या डेडलाइनमध्ये बुडाले.

दहा दिवसांनी बाबांनी कव्हर काढलं.

मी गॅलरीतून बघत होते. ते वाकले. टायमिंग कव्हरवरून अंगठा फिरवला. मग तो अंगठा नुसता बघत राहिले. कव्हर राखाडी पडलं होतं, ओघळ दिसत होते. बोल्टांच्या भोवती पांढरी पूड जमली होती आणि खालच्या कडेला टाचणीने टोचावं तसे बारीक खड्डे. वर येऊन ते काही बोलले नाहीत. चहा घेतला, पेपर उघडला. ओरडले असते ना, तर बरं झालं असतं.

बोलली ती आई. खाली जाऊन आली आणि म्हणाली, "सोडा लावलाय का गं कुणी? माझ्या जर्मनच्या पातेल्यासारखं झालंय ते!"

दुधावरची साय

आईचं निदान शंभर टक्के बरोबर निघालं. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात, आणि जर्मनच्या भांड्याला सोडा लागला की ते काळवंडतं, हे प्रत्येक आईला माहीत असतं. बीई झालेल्या मुलीला नसतं.

त्या रात्री मी बाबांच्या शेजारी जाऊन बसले. सॉरी म्हटलं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि टूलरूमच्या भाषेत समजावलं.

"ॲल्युमिनियम उघडं कधी राहतच नाही," ते म्हणाले. "हवा लागली की लगेच त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. दुधावर साय धरते तसा. तू घासून काढलास तरी पुन्हा धरतो. तो पापुद्रा आहे म्हणून आतला धातू टिकतो."

ही साय फक्त काही नॅनोमीटर जाडीची असते. आपला एक केस हजारो पटींनी जाड! तरी ती लोखंडाच्या गंजासारखी सुटून पडत नाही, घट्ट चिकटून बसते. साधा पाऊस, पुण्यातली धूळ, यांना ती पुरून उरते. पण तिचे दोन शत्रू आहेत आणि मी एकाच वीकेंडला दोघांशी गाठ घालून दिली होती.

पहिला शत्रू म्हणजे मीठ. मिठातलं क्लोराइड या सायीला जागोजागी भोकं पाडतं. त्या भोकात ओल साचली की आतलं पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जातं आणि खड्डा वर पसरण्याऐवजी खोल जातो. म्हणून वरून टाचणीएवढा दिसणारा ठिपका आत बराच उतरलेला असतो. त्यातून मीठ फार लबाड. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतूनच पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात आपली मिठाची बरणी पाझरते ना, तेच. म्हणजे गाडी कोरडी दिसत असली तरी मिठाचा थर ओलाच असतो. आणि मी तर वरून प्लॅस्टिकचं कव्हर घालून ती ओल दहा दिवस जपून ठेवली होती!

दुसरा शत्रू म्हणजे अल्कली. कॉस्टिक सोडा, धुण्याचा सोडा, कडक डिग्रीझर ही सगळी त्याच घरातली मंडळी. तेलकटपणा झटक्यात निघतो, पण सोबत साय विरघळते आणि खालचा धातूही. तापलेल्या इंजिनवर तर हे काम दुप्पट उत्साहाने होतं. तो पांढरा फेस बघून मी खूश झाले होते. बिचारं कव्हर तेव्हाच राखाडी पडायला लागलं होतं.

आणि उलट टोकही वाईटच. तांब्या-पितळेची भांडी चिंच-लिंबाने उजळतात म्हणून इंजिनवर लिंबू चोळायला जाऊ नका. चाकं चमकवायला मिळणारी काही ॲसिडची लिक्विडं तर त्याहून जहाल असतात. ही साय साधारण मधल्या, ना आंबट ना खाऱ्या वातावरणातच सुखी असते.

राहता राहिली बोल्टांभोवतीची पांढरी पूड. ती माझ्या फॅशनची कृपा. मूळचे स्क्रू जुनाट दिसतात म्हणून मी स्टेनलेस स्टीलचे चकाचक ॲलन बोल्ट बसवून घेतले होते. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि मधे खारं पाणी, म्हणजे छोटीशी बॅटरीच तयार होते. या बॅटरीत झिजतं कोण? ॲल्युमिनियम. स्टेनलेस बोल्ट मात्र मजेत!

तीन रविवार

मला वाटलं, नाना पेठेत जाऊ, कव्हर बफिंगला देऊ, दुपारपर्यंत चकाचक. बाबा म्हणाले, "बफिंगवाला चमक देईल. पण बफ मारणं म्हणजे वरचा धातू काढणं. ही कव्हरं काही मिलिमीटर जाडीची, ती किती वेळा सोलणार? हाताने करू. लागेल तेवढंच काढू."

मग तीन रविवार आम्ही पार्किंगमध्ये बसून काढले. ऑइल काढलं, कव्हर उतरवलं, खाली गोणपाट अंथरलं. पहिल्या रविवारी वॉटर पेपर, ४०० नंबरचा. पाण्यात बुडवायचा आणि घासायचं. बाबा दर पाच मिनिटांनी कव्हर उन्हात तिरकं धरून बघायचे. मग ६००, ८००, १२०० आणि शेवटी २०००. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाहीत ते कळतं. घाई करून मधला नंबर गाळला की शेवटी चमक येते, पण तिच्या आत ओरखडे दिसत राहतात. हे मी स्वतः करून बघितलं आणि पुन्हा मागे जाऊन ६०० पासून घासत बसले.

दुसऱ्या रविवारी मेटल पॉलिशची पेस्ट. मऊ फडक्यावर थोडीशी घ्यायची आणि चोळायची. फडका काळाकुट्ट होतो. मी म्हटलं, "किती घाण निघतेय बघा!" बाबा हसले. त्या ट्रिपनंतर पहिल्यांदाच. म्हणाले, "घाण कसली? धातूच आहे तो. म्हणून तर रोज पॉलिश करायचं नसतं. लोकांना वाटतं मी दर रविवारी पॉलिश करायचो. अगं, मी नुसता पुसायचो! पॉलिश वर्षातून एकदा."

तीस वर्षं मी ज्या चमकीत तोंड बघत आले, ती घासून आलेली नव्हतीच. ती पुसून राखलेली होती.

तिसऱ्या रविवारी प्रश्न आला, आता यावर लावायचं काय? लॅकर, म्हणजे पारदर्शक थर मारता येतो. मस्त दिसतो, पण एक खडा उडून टवका गेला की त्या फटीतून ओल आत शिरते आणि थराखाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेघा पळायला लागतात. मग आधी सगळा लॅकर खरवडा! शिवाय इंजिनच्या उष्णतेने काही लॅकर पिवळे पडतात. ॲनोडायझिंग हा दुसरा उपाय. त्यात विजेच्या मदतीने तीच ऑक्साइडची साय काही मायक्रॉनपर्यंत जाड करतात. पण इंजिनची कव्हरं ओतीव असतात, त्यांच्यात सिलिकॉन जास्त असतं, त्यामुळे आरशासारखी चमक जाऊन राखाडी छटा येते. हल्लीचं सिरॅमिक कोटिंगही चालतं, पण खाली खड्डे किंवा ओल राहिली तर ते त्यांनाच झाकून टाकतं.

बाबांनी निवडलं साधं वॅक्स. "टिकणार नाही फार," ते म्हणाले, "पण गेलं तर दहा मिनिटांत पुन्हा लावता येतं. जे आपल्याला स्वतःला दुरुस्त करता येतं, ते बरं." कार्नोबा वॅक्स ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळतं. त्यामुळे हेडजवळ ते लवकर उडून जातं, खालच्या कव्हरांवर मात्र बरंच टिकतं. बोल्टांच्या आट्यांना ग्रीस लावून कव्हर परत बसवलं. स्टेनलेसचे बोल्ट डब्यात गेले, जुने स्क्रू परत आले.

कडेचे दोन खड्डे शेवटपर्यंत गेले नाहीत. मी आणखी घासायला निघाले तर बाबांनी हात धरला. "राहू देत. फार खोल आहेत. ते काढायला गेलीस तर कव्हर जाईल."

पुन्हा हर्णै, पण डबलसीट

यंदा नोव्हेंबरात पुन्हा गेले. या वेळी मागच्या सीटवर बाबा! आईने आधी दोघांनाही वेड्यात काढलं, मग डब्यात मेथीचे पराठे भरून दिले आणि स्वतः एसटीने आली. दर तासाला थांबत, गुडघे मोकळे करत, चहा पीत आम्ही दुपारी हर्णैला पोहोचलो.

होमस्टेच्या दादांनी गाडी बघितली आणि आपणहून म्हणाले, "ती दर्याच्या अंगाला नका लावू. घराच्या पाठी लावा, वारा लागायचा नाही." लावली. सकाळी उठून मी टाकीवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट! रात्रभर गाडी घरामागे उभी होती, वाळूला टायर लागला नव्हता, तरी थर आलेला. लाटा फुटतात तेव्हा उडणारे बारीक तुषार वाऱ्यावर आत येतात, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. आपल्याला वाटतं समुद्र तिकडे आहे. तो रात्री घरापर्यंत येऊन गेलेला असतो.

बाबांनी विहिरीच्या दोन बादल्या मागितल्या. इंजिन थंडच होतं. नुसतं गोडं पाणी वरून हळू ओतायचं, आधी घासायचं नाही, कारण मिठाचे कण आणि वाळू फडक्यात अडकली की तीच पॉलिश पेपरचं काम करते. मग मऊ फडक्याने टिपायचं. कोपरे, बोल्टांच्या खाचा, कव्हरची खालची कड, जिथे थेंब लोंबतो तिथे जास्त लक्ष. दहा मिनिटांत काम संपलं.

दुपारी सुवर्णदुर्गाला जायला होडी ठरवली. पाण्यातून परत आल्यावर होडीवाल्याने काय करावं? इंजिनला पाइप लावून गोड्या पाण्याने ते आतून धुतलं! बाबा एकदम खूश. होडीवाल्याने इंजिनच्या खाली लावलेला एक खडबडीत, अर्धा झिजलेला तुकडा दाखवला. "ह्यो जस्ताचा. खारं पाणी आधी ह्याला खातं. मग इंजिन वाचतं. ह्यो संपला की नवीन लावायचा."

मी विचारलं, "बाबा, आपल्या बुलेटला असा लावता येईल?"

"नाही गं. तो तुकडा आणि इंजिन दोन्ही एकाच पाण्यात बुडलेलं लागतं, तरच उपयोग. रस्त्यावरच्या गाडीला तो नुसता दागिना." मग जरा थांबून त्या झिजलेल्या जस्ताकडे बघत म्हणाले, "म्हणजे हा बापच की इंजिनचा!"

आई म्हणाली, "हो, आणि आईला कुणी विचारतच नाही." होडीवाला इतका हसला की होडी हलली.

रविवारी पुण्यात पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. पाठ मोडली होती, सकाळी साडेनऊला मीटिंग होती. तरी पार्किंगमध्ये इंजिन निवेपर्यंत थांबले, बादली भरली, आधी साधं पाणी, मग सौम्य शाम्पू, मग पुन्हा पाणी. फडक्याने कोरडी केली आणि एक चक्कर मारून आणली, म्हणजे खाचांतली ओलही उडून जाते. कव्हर घातलं ते सोमवारी, आणि प्लॅस्टिकचं नाही, हवा खेळणारं कापडाचं.

बाबा पायरीवर बसून सगळं बघत होते. उठताना टायमिंग कव्हरवरून त्यांनी अंगठा फिरवला, दोन खड्ड्यांशी जरा थांबला, पुढे गेला. मग अंगठा बघितला. कोरडा.

"पुढच्या महिन्यात गुहागर करायचं का?" त्यांनी विचारलं.

"करूया की," मी म्हटलं. "पण बाबा, वाळूवर न्यायची नाही हं!"

कोकणात निघताय? मग एवढं लक्षात असू द्या!

- निघण्याआधी: पॉलिश केलेल्या भागांवर वॅक्सचा पातळ हात. बोल्टांच्या आट्यांना थोडं ग्रीस.
- तिथे: गाडी वाऱ्याच्या आड लावा. रोज सकाळी थंड इंजिनवर गोडं पाणी ओता आणि टिपून घ्या. वाळूवर फोटो हवाच असेल तर स्वतःचा काढा!
- वॉशिंग सेंटरला: "इंजिनवर केमिकल नको" हे तोंडाने सांगा. इंजिन आधी थंड होऊ द्या.
- घरी: त्याच दिवशी धुवा. सोडा, भांड्यांची कडक पावडर, लिंबू, तारेचा काथ्या, सगळं लांब ठेवा. ओल्या गाडीवर कव्हर घालू नका.
- पॉलिश: गरज पडेल तेव्हाच. ॲनोडाइज केलेल्या किंवा लॅकर मारलेल्या भागावर मेटल पॉलिश अजिबात नको, वरचा थरच निघून जाईल.
- क्रोम वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं: बहुतेक वेळा क्रोम म्हणजे लोखंडावर चढवलेला मुलामा, खालून तांबडा गंज येतो. ॲल्युमिनियम मात्र स्वतःच चमकतं आणि खराब झालं की पांढरी पूड येते. पूड दिसली की उशीर करू नका.